अपडेट आलं, तान तुटली!

काल रात्रीपर्यंत सगळं सुरळीत चालू होतं. पहाटे कॉम्प्युटरने स्वतःहून अपडेट उरकलं. सकाळी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कालचंच गाणं लावलं, तर मधूनच चट्‌, मग कर्रर्र, मग क्षणभर काहीच नाही. गाणं तेच, प्लगइन तीच, हेडफोनही तोच. पहिला संशय येतो तो मशीन जुनं झाल्याचा. हात लगेच नव्या लॅपटॉपच्या किमती शोधायला लागतात. थांबा! बहुतेक वेळा मशीन थकलेलं नसतं. अपडेटनंतर आत कोणीतरी नवा मधे घुसलेला असतो आणि तो आवाजाची वाट अडवतो. तो कोण, एवढंच शोधायचं. या शोधाच्या वाटेवर भन्नाट गोष्टी भेटतात. त्यातल्या काही इथे.

सेकंदाला ३४४ मुदती

सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. कॉम्प्युटर ते एकेक करून पाठवत नाही, गठ्ठे करून पाठवतो. या गठ्ठ्याला म्हणायचं बफर. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला, तर प्रत्येक गठ्ठा तयार करायला मिळतात २.९ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे ३४४ वेळा मुदत येते आणि ३४४ वेळा पाळावी लागते. ३४३ वेळा पाळून भागत नाही, कारण उरलेली एक चुकलेली मुदत म्हणजेच ती चट्‌.

पंगतीत वाढपी पान रिकामं व्हायच्या आत यायला हवा, आत स्वयंपाक कितीही तयार असो. इथेही तसंच. प्रोसेसरची ताकद हा स्वयंपाक झाला. आवाज तुटतो तो वाढपी वाटेत अडकल्यामुळे.

म्हणूनच टास्क मॅनेजर 'सीपीयू १५ टक्के' दाखवत असताना गाणं तडतडत असतं. तो आकडा सरासरीचा असतो, आणि सरासरीत एक मिलिसेकंदाचा अडथळा दिसतच नाही. शिवाय एका ट्रॅकवर ओळीने लावलेली प्लगइन एकामागून एकच चालतात, सहसा एकाच कोअरवर. आठ कोअरच्या मशीनमध्ये एक कोअर गच्च भरला तरी एकूण आकडा जेमतेम १२ टक्के दिसतो. तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा मीटर बघा. आपल्या कामाचा तो.

१२८ नमुने म्हणजे एक मीटर

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २.९ मिलिसेकंदांत जातो जवळजवळ बरोबर एक मीटर. म्हणजे १२८ चा बफर ठेवला की, आत येण्याचा एक आणि बाहेर जाण्याचा एक धरून, वाजवणारा स्वतःच्या वाद्यापासून दोन मीटर लांब बसल्यासारखं होतं. तेवढं कोणालाही चालतं. बफर १,०२४ केला की एका बाजूचे २३ मिलिसेकंद होतात, आणि आत येण्याचे व बाहेर जाण्याचे धरून ४६ च्या वर. आता तबलजी स्वतःचा तबला सोळा मीटरवरून ऐकतोय!

हे किती महागात पडतं ते बघा. द्रुत तीनतालात लय मिनिटाला ३०० मात्रांची असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. त्या मात्रेत 'तिरकिट' बसवलं तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला ५० येतात. म्हणजे 'ति' हेडफोनमध्ये ऐकू येतो तेव्हा हात 'र'वर पोचलेला असतो. अपडेटनंतर 'बफर वाढवा' हा सल्ला सगळे देतात. मिक्सिंग करताना तो अगदी योग्य आहे, पण टेक घेताना त्याची किंमत वादकाला मोजावी लागते.

४४,१०० आला कुठून?

व्हिडिओ टेपमधून! १९७० च्या दशकाच्या अखेरीला डिजिटल आवाज साठवायला पुरेशी जागा होती ती व्हिडिओ रेकॉर्डरच्या टेपवर. मग आवाजाचे नमुने चित्राच्या ओळींमध्ये बसवले, ओळीला तीन. युरोपी पद्धतीत २९४ ओळी गुणिले ३ गुणिले ५०, आणि अमेरिकी-जपानी पद्धतीत २४५ गुणिले ३ गुणिले ६०. दोन्हींचं उत्तर ४४,१००. सीडी त्याच आकड्यावर बेतली गेली. व्हिडिओच्या कामात मात्र पुढे ४८,००० रूढ झाला. आज हे दोन आकडे एकाच कॉम्प्युटरमध्ये नांदतात आणि अपडेटनंतर त्यांची अदलाबदल होते. सिस्टिमने गुपचूप ४८,००० निवडलं आणि गाणं ४४,१०० वर असलं की भानगड सुरू.

ही भानगड पेटीवाल्याला सगळ्यात आधी कळते. ४४,१०० चं गाणं तसंच्या तसं ४८,००० च्या वेगाने वाजलं तर सूर जवळजवळ दीड स्वरपट्टीने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली, मधल्या फटीत जाऊन बसतं. पेटीवर त्याला जागाच नाही! असं झालं की ड्रायव्हर, बफर, प्लगइन कशालाही हात लावू नका. सिस्टिममधला, ऑडिओ इंटरफेसमधला आणि सॉफ्टवेअरमधला सॅम्पल रेट एकसारखा करा, संपलं.

गाणं लावलं की फाईल रेंगाळायची

२००७ साली विंडोज व्हिस्टा आलं आणि लोकांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. गाणं वाजत असलं की नेटवर्कवरून फाईल कॉपी व्हायला जास्त वेळ लागतो. गाण्याचा आणि फाईलचा काय संबंध? मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी तो जाहीरपणे उलगडून सांगितला. नेटवर्कवरून येणारं प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला हातातलं काम सोडायला लावतं. हे काम ज्या पातळीवर होतं तिला डीपीसी म्हणतात, आणि तिच्यापुढे कुठल्याही प्रोग्रॅमचं काही चालत नाही, त्याला कितीही वरचा मान दिलेला असो. मग गाणं तुटू नये म्हणून विंडोजने उलटीकडून लगाम घातला. आवाज चालू असेल तोवर नेटवर्कला मिलिसेकंदाला १० पॅकेट, जास्त नाहीत.

'रेकॉर्डिंग करताना वाय-फाय बंद करा' हा सल्ला अंधश्रद्धेतून आलेला नाही, याच यंत्रणेतून आलेला आहे. अपडेटने वाय-फायचा नवा ड्रायव्हर बसवला आणि तो डीपीसीमध्ये रेंगाळायला लागला, की चट्‌ सुरू. इंटरफेस निर्दोष असतो, केबलही धड असते. वाय-फाय बंद करून बघायला दहा सेकंद लागतात, म्हणून पहिली चाचणी हीच.

सुरक्षेची चिप, गाण्याला धाप

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण इतका अनपेक्षित गुन्हेगार दुसरा नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय सक्तीची होती. अनेकांनी त्यासाठी एएमडी रायझेन मशीनमधली, प्रोसेसरच्याच आत असलेली एफटीपीएम ही सोय चालू केली. आणि मग मधूनच सगळं मशीन क्षणभर गोठायला लागलं. माऊस अडायचा, आवाज घरघरायचा, आणि पुन्हा सगळं ठीक. गेम खेळणारे वैतागले, संगीतवाले त्याहून वैतागले. ग्राफिक्स कार्ड बदलून झालं, साउंड ड्रायव्हर बदलून झाले. खरं कारण एएमडीने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं. एफटीपीएम अधूनमधून मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपशी देवाणघेवाण करतं, आणि ती पुरी होईस्तोवर बाकीचे थांबतात. मे २०२२ पासून दुरुस्त बायोस यायला लागले.

म्हणजे बघा, दोष विंडोजच्या खाली होता आणि उपाय मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर. बायोसचं अपडेट हा शब्द ऐकून पुष्कळ संगीतकार बिचकतात. पण रायझेन मशीन आहे, विंडोज ११ आहे आणि बायोस मे २०२२ च्या आधीचा आहे, असं असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

ग्राफिक्स कार्डाचीही एक जोडगोष्ट. पडद्याचे रंग ८ बिटवर ठेवले तर १० बिटपेक्षा डीपीसीचा विलंब वाढतो, अशी नोंद एनव्हिडियाच्या स्वतःच्याच ड्रायव्हर-टिपणांत बराच काळ होती. पडद्यावरच्या रंगांची आणि कानातल्या आवाजाची अशी गाठ पडेल, हे कोणाच्या मनात तरी येईल का?

घड्याळ जुळवलं, गाणं बिघडलं

मॅकवाले विंडोजवाल्यांकडे बघून हसतात, पण २०१८ च्या मॅकबुक प्रो, मॅकबुक एअर आणि मॅक मिनीवर यूएसबी इंटरफेसचा आवाज तुटायचा. यांत टी२ नावाची सुरक्षा-चिप होती. वापरकर्त्यांनी स्वतःच शोधून काढलं की तारीख-वेळ आपोआप जुळवणं बंद केलं तर चट्‌ कमी होते. सिस्टिमचं घड्याळ सरकलं की आवाज तुटायचा! मार्च २०१९ मधल्या मॅकओएस १०.१४.४ च्या माहितीत ॲपलने या मॉडेलांवरची यूएसबी आवाजाची विश्वासार्हता सुधारल्याचं लिहिलं. कधी कधी अपडेट हेच औषध असतं, हेही सांगायला हवं.

शांतता जड जाते

गाण्यात सगळं वाजत असताना सॉफ्टवेअरचा भाराचा मीटर स्थिर, आणि गाणं संपून रिव्हर्बची शेपटी विरत असताना मीटर उसळतो. असं बघितलंय? वाजवणारा कोणी नाही आणि कॉम्प्युटर घामाघूम! कारण गणिताचं. आवाज विरतो तसे आकडे लहान होत जातात. दशांशचिन्हानंतर ३७ शून्यं लागतील इतके सूक्ष्म झाले की त्यांना 'डीनॉर्मल' म्हणतात, आणि अनेक प्रोसेसरना त्यांचे बेरीज-गुणाकार नेहमीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जड जातात. पेंटियम ४ च्या काळात यामुळे चांगली चांगली गाणी अडखळली. उपाय दोन निघाले. एक, इतक्या सूक्ष्म आकड्याला सरळ शून्य माना. दुसरा जास्त मजेदार: कोणालाही ऐकू न येणारी बारीकशी खरखर मुद्दाम मिसळा, म्हणजे आकडे तिथवर उतरणारच नाहीत. आजच्या बहुतेक प्लगइनमध्ये पहिला उपाय आत असतो. जुनं एखादं प्लगइन शेपटीवरच अडखळत असेल तर हा आजार आठवा.

मंगळावरही चुकली मुदत

जुलै १९९७ मध्ये मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि त्याचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीसेट व्हायला लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कमी मानाच्या कामाने एक सामाईक कुलूप धरून ठेवलेलं असायचं. एक महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी खोळंबायचं. आणि मधल्या मानाची कामं हवामानवाल्याला पुढे सरकूच द्यायची नाहीत. महत्त्वाच्या कामाची मुदत चुकली की यान स्वतःला रीसेट करायचं. अभियंत्यांनी पृथ्वीवरून एक सेटिंग बदललं: ज्याच्यासाठी मोठा खोळंबलाय, त्या लहानाला तेवढ्यापुरता मोठ्याचा मान द्या. रीसेट थांबले.

आवाजाचे प्रोग्रॅम लिहिणारे म्हणूनच एक नियम जिवापाड पाळतात. आवाजाचा गठ्ठा तयार करणाऱ्या भागाने कुठल्याही कुलपासाठी थांबायचं नाही, डिस्क वाचायची नाही, नवी मेमरी मागायची नाही. एखादं प्लगइन हा नियम मोडत असलं तरी जुन्या सिस्टिमवर खपून जातं. अपडेटने कामांचा क्रम जरासा बदलला की त्याचं पितळ उघडं पडतं.

चट्‌ ऐका, आजार ओळखा

आता कामाची गोष्ट. आवाज कसा तुटतो यातच अर्धं निदान असतं.

ठरावीक अंतराने, घड्याळ लावून बसावं इतक्या नियमाने चट्‌ येत असेल तर दोन डिजिटल उपकरणांची घड्याळं जुळत नाहीत. एक ४४,१०० मोजतंय आणि दुसरं ४४,१०१, तर दर सेकंदाला एक नमुना सांडतो. अपडेटनंतर इंटरफेसचं 'क्लॉक सोर्स' आतलं झालंय की बाहेरचं, ते बघा. मालक एकच हवा.

गाणं भरगच्च झालं की तुटतं आणि विरळ भागात ठीक असतं? मग भार प्लगइनचा. जड ट्रॅक फ्रीझ करा, बफर वाढवा.

कधीही, काहीही वाजत असताना, अगदी रिकाम्या प्रोजेक्टमध्येही तुटतं? मग ड्रायव्हर किंवा वीज-बचत. बफर १,०२४ करूनही फरक पडत नसेल तर ही खात्रीच समजा. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन चालवा. ते पडद्यावर पट्ट्या दाखवतं आणि कुठल्या ड्रायव्हरने सगळ्यात जास्त वेळ वाट अडवली ते नावानिशी सांगतं. दहा मिनिटं चालू ठेवून ते नाव टिपून घ्या. लोक एका संध्याकाळी वीस सेटिंगं बदलतात आणि कशाने बरं झालं (किंवा बिघडलं) ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तेच गाणं, तोच बफर ठेवून.

लॅपटॉप चार्जरवर असताना ठीक आणि बॅटरीवर तडतड? पॉवर प्लॅन बदललाय. हब काढून केबल थेट लावली की बरं? यूएसबीची वीज-बचत किंवा तो हबच.

आणि तुटत नाही, मुळात काही येतच नाही, वेव्हफॉर्मच्या जागी सरळ रेघ? तो परवानगीचा प्रश्न असतो. २०१८ च्या मोहावेपासून मॅकवर प्रत्येक सॉफ्टवेअरला माइक वापरायची परवानगी द्यावी लागते, आणि न दिल्यास ते निमूटपणे शांतता रेकॉर्ड करतं. विंडोजमध्येही असं बटण आहे. इंटरफेस यादीतच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२५ च्या विंडोज अपडेटांनंतर यूएसबी १.० ऑडिओ ड्रायव्हरवर चालणारी काही उपकरणं सुरूच होईनात. दोष मायक्रोसॉफ्टने मान्य केला आणि पुढच्या अपडेटांत निस्तरला.

मॅकवर मोठं अपडेट केल्यावर पहिला दिवस-दोन दिवस काही करूच नका, हाही खरा उपाय आहे. स्पॉटलाइट सगळी डिस्क नव्याने चाळत असतं, फोटोंचं ॲप चेहरे ओळखत असतं. चार्जर लावून रात्रभर चालू ठेवा, बऱ्याचदा सकाळी आजार गेलेला असतो.

तानपुरा सगळं सांगतो

चट्‌ पकडायला ढोल-ताशा लावू नका, त्यात ती लपते. तानपुरा लावा. अखंड सुरात मिलिसेकंदाचा तुकडा गळला तरी कान टवकारतो, कारण लाट जिथे अचानक तुटते तिथे क्षणभर सगळ्याच पट्ट्यांचे स्वर उमटतात. सिनेमाची एक फ्रेम ४१ मिलिसेकंदांहून जास्त टिकते. कानाला त्याचा दहावा हिस्साही पुरतो.

तानपुरा पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि चट्‌च्या जागी वेव्हफॉर्म मोठा करत जा. रेघेचे ठिपके होईपर्यंत करा. गोलाईने चढणारी लाट एका ठिपक्यावर थांबते आणि पुढचा ठिपका थेट खाली, कड्यावरून पडल्यागत. मधे सपाट शून्याची पट्टी असेल तर तिची रुंदी मोजा. नेमकी १२८ किंवा २५६ निघाली तर एक अख्खा गठ्ठा गळलाय, आणि मुदत चुकल्याचा पुरावा हातात आला.

इथे एक फरक जिवावरचा आहे. ऐकताना तुटलं तर गाण्याला काही झालेलं नाही. शेवटी फाईल बाहेर काढताना सॉफ्टवेअरला घाई नसते, मुदतच नसते, म्हणून फाईल स्वच्छ निघते. रेकॉर्ड होताना तुटलं तर तो तुकडा कायमचा गेला. तानपुऱ्यात शेजारचा तुकडा चिकटवून भागतं. तानेत नाही भागत. म्हणून अपडेटनंतर गायकाला बोलावण्याआधी ही पाच मिनिटं द्याच.

अपडेटच नसलेला कॉम्प्युटर

१९८५ च्या अटारी एसटीला मिडीची भोकं कारखान्यातूनच होती. क्यूबेस १९८९ मध्ये याच मशीनवर जन्मलं. अटारीची ऑपरेटिंग सिस्टिम सहसा चिपमध्ये कोरलेली असायची, रात्रीत बदलायचा प्रश्नच नव्हता. मिडीच्या अचूक वेळेसाठी लोक त्याला आजही नावाजतात. अर्थात तिथे आवाज नव्हता, फक्त सुरांच्या सूचना होत्या. १९९१ चं प्रो टूल्स चार ट्रॅकचं, आणि आवाजाचं काम वेगळ्या कार्डांवर. ते सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर टाकायची प्रथा १९९६ च्या क्यूबेस व्हीएसटीने रुजवली, आणि १९९७ मध्ये स्टाइनबर्गनेच आसिओ आणलं. विंडोजच्या मधल्या पायऱ्या टाळून थेट इंटरफेसशी बोलण्याची ही वाट. अपडेटनंतर सॉफ्टवेअर आसिओ सोडून विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर गेलेलं नाही ना, हे म्हणून बघायचं. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा बसवला की बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

लिनक्सवाल्यांनी तर मुळालाच हात घातला. मुदत पाळणारा लिनक्स करण्याची धडपड वीस वर्षं चालली. सप्टेंबर २०२४ मध्ये ते काम मुख्य लिनक्समध्ये सामील झालं आणि ६.१२ या आवृत्तीतून सगळ्यांना मिळालं. कारखान्यातल्या यंत्रांना लागणारी शिस्त आणि घरात गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला लागणारी शिस्त एकच निघाली.

आणि दहा दिवस

हे पाठ करून ठेवा. विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर मागच्या आवृत्तीवर परतायला साधारण १० दिवस मिळतात, मग ती वाट बंद होते. मॅकवर परत फिरायचं तर आधी घेतलेला टाइम मशीनचा बॅकअप लागतो. मोठं रेकॉर्डिंग तोंडावर असेल तर विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवून धरता येतं, त्यासाठी सेटिंगमध्ये बटणच आहे. आणि सगळं नीट चालू असेल त्या दिवशी इंटरफेसच्या ड्रायव्हरचा आवृत्ती क्रमांक, सॅम्पल रेट आणि बफर एका कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा. ड्रायव्हरची ती फाईलही वेगळ्या डिस्कवर जपा, कारण जुनी आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावर कायम राहीलच याची हमी नसते.